मोरवेलीचे पाठभेद

भाद्रपद सरत आला की ठाण्याच्या येऊर डोंगरात पायवाटेच्या कडेची झुडपे एका वेलीने पांढरी होतात. फूल मोठे, चांदणीच्या आकाराचे. मध्ये केसरांचा दाट झुबका. बरोबरच्या माहितगाराने तिचे नाव सांगितले, मोरवेल. पुढे मार्गशीर्षात मलंगगडाच्या वाटेवर आम्हांस दुसरी एक वेल दिसली. तिची फुले बारीक, हिरवट पांढरी, पण संख्येने इतकी की खालचे झुडूप दिसेनासे झाले होते. तेथील वाटाड्याने तिचेही नाव मोरवेल असेच सांगितले. या दोन वेली एक नव्हेत, हे पाने हातात घेताच कळत होते. मग दोघांपैकी चुकले कोण?

साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका वाटू नये. एका अभंगाची दोन हस्तलिखितांत दोन वाचने मिळाली, तर त्यांपैकी एकाला लगेच खोटे ठरवून आपण मोकळे होत नाही. कोणते वाचन कोठून आले, कोणी नोंदवले, कोणत्या अर्थासाठी टिकले, हे पाहिल्यावरच निर्णय करतो. मोरवेलीच्या बाबतीत हीच पद्धत वापरून पाहण्याचा विचार आहे. वेलींची ओळख पटवणे हे वनस्पतिशास्त्रज्ञाचे काम खरे. पण नावाची ओळख पटवणे हे भाषेच्या अभ्यासकाचेही काम आहे, आणि येथे ही दोन कामे एकमेकांपासून सोडवता येत नाहीत असे आमच्या ध्यानात आले.

प्रथम वेलीचेच वाचन करू. वनस्पतिशास्त्रात ती क्लेमॅटिस या प्रजातीत मोडते. या प्रजातीच्या खुणा एकदा नीट पाहिल्या की विसरत नाहीत. पाने खोडावर समोरासमोर येतात. वेलीला द्राक्षासारखे वेगळे ताणे नसतात; पानाचा देठच आधाराभोवती पीळ घालतो आणि त्या पिळावर सारी वेल उभी राहते. फुलाला पाकळ्या नसतात. आपण ज्यांना पाकळ्या समजतो ती निदले होत, म्हणजे कळीला बाहेरून झाकणारे भाग. तीच पांढरी होऊन उमलतात, बहुधा चार. आत असंख्य केसर आणि सुटी सुटी स्त्रीकेसरे. फूल गळाल्यावर प्रत्येक स्त्रीकेसराचे एकेक लहान, कोरडे, एकबीजी फळ होते. त्याच्या टोकाचा कुक्षीवृंत गळून न पडता लांबत जातो आणि त्यावर पिसासारखी रुपेरी लव येते. हिवाळ्यात या पिसांचे गुच्छ उन्हात चमकतात आणि वाऱ्याबरोबर फळे दूर जातात. ज्या कुलात ही प्रजाती येते त्याच कुलात बचनाग आहे आणि स्वयंपाकघरातील कलौंजीही आहे. मराठी शास्त्रीय परिभाषेत या कुलाला मोरवेलीचेच नाव मिळाले, हे येथे मुद्दाम नोंदवतो.

उत्तर कोकणात आणि त्याला लागून असलेल्या सह्याद्रीच्या उतारांवर मोरवेल या नावाखाली मुख्यतः तीन जाती येतात. भाद्रपद-आश्विनात फुलणारी, मोठ्या शुभ्र फुलांची वेल म्हणजे क्लेमॅटिस हेनेई. जुन्या ग्रंथांत ती क्लेमॅटिस ट्रायलोबा या नावाने भेटते. ट्रायलोबा म्हणजे तीन खंडांची. हिचे पान कधी साधे पण तीन भागांत कापलेले असते, कधी तीन पर्णिकांचे असते. एकाच वेलीवर दोन्ही प्रकार मिळतात. पानावर राखट, रेशमी लव असते आणि बोट फिरवल्यास ती जाणवते. निदले चारच असतील असे नाही, पाच-सहाही असतात, आणि फूल अडीच-तीन सेंटिमीटरांहून मोठे भरते. दुसरी क्लेमॅटिस गौरियाना. ही थंडीत फुलणारी. हिचे पान पिच्छाकृती संयुक्त, पाच किंवा अधिक पर्णिकांचे, कधी दुहेरी विभागलेले. पर्णिका टोकाला निमुळत्या. फुले लहान, हिरवट किंवा पिवळसर पांढरी, निदले मागे वळलेली, आणि फुलोरा मोठा व फांद्या फुटलेला. तिसरी क्लेमॅटिस हेडिसॅरिफोलिया. हिला तीनच पर्णिका, पण त्या हेनेईपेक्षा मोठ्या, जाडसर, लव नसलेल्या, तळापासून ठळक शिरा निघालेल्या. फुले फुलोऱ्यात येतात आणि आकाराने या दोहोंच्या मधली. चौथी, क्लेमॅटिस विटियाना, दाट तांबूस लवेची आहे. पण तिचे घर सह्याद्रीच्या अधिक उंच माथ्यावर, म्हणून ठाणे-कल्याणच्या टेकड्यांवर तिचा विचार सहसा करावा लागत नाही.

तेव्हा ओळखीचा क्रम असा ठरतो. आधी पर्णिका मोजाव्यात. तीनपेक्षा जास्त असतील तर गौरियाना. तीन किंवा त्रिखंडी असतील तर पानावरून बोट फिरवावे. रेशमी लव लागली तर हेनेई, गुळगुळीत लागले तर हेडिसॅरिफोलिया. मग फुलाचा आकार आणि महिना यांनी निर्णयाची खात्री करून घ्यावी. एका पानावर कधी विसंबू नये. कोवळ्या फांदीवरचे पान आणि फुलोऱ्याजवळचे पान यांत इतका फरक असतो की एकाच वेलीच्या दोन जाती होतील. एकाच ओवीवरून कवीचा काळ ठरवणाऱ्यांची जी गत होते, तीच येथे होते.

येऊरची भाद्रपदातली वेल हेनेई होती आणि मलंगगडाची गौरियाना, हे एवढ्यावरून कळले. परंतु दोघांनी एकच नाव का सांगितले, हे कळले नाही. त्यासाठी नावाकडे वळणे भाग होते.

मोरवेल हा शब्द ऐकताच मोर डोळ्यांसमोर येतो. पिसासारख्या फळांमुळे हे नाव पडले असावे, असे कोणीही सांगेल, आणि आम्हीही काही काळ तसेच मानत होतो. पण संस्कृत कोशांत पाहिले तर शंका येते. अमरकोशाच्या वनौषधिवर्गात मूर्वा नावाची वनस्पती आहे. देवी, मधुरसा, तेजनी, मधुश्रेणी, गोकर्णी, पीलुपर्णी ही तिची पर्यायनामे, आणि त्यांतच एक नाव येते, मोरटा. येथे मोराचा काही संबंध नाही. मोरटा ही मूर्वाच होय. मूर्वेच्या दीर्घ ऊकाराचा मराठीत ओकार होणेही अपरिचित नाही. मूल्याचे मोल झाले, कूर्पराचे कोपर झाले, कूष्मांडाचा कोहळा झाला. तेव्हा मोरवेल म्हणजे मूर्वेची किंवा मोरटेची वेल, असे मानण्यास आधार आहे. मयूराचाही मराठीत मोरच झाल्याने दोन वेगळे शब्द एका उच्चारात मिसळले, आणि वेलीच्या रुपेरी पिसांनी त्या मिसळण्याला पुरावा दिल्यासारखे झाले, असे आमचे मत आहे. लोकव्युत्पत्ती अशाच घडतात. ती चुकीची असली तरी टाकाऊ नसते, कारण लोकांनी त्या वेलीकडे कसे पाहिले हे तिच्यातून कळते.

आता मूर्वा म्हणजे काय? काव्याच्या वाचकांना मौर्वी हा शब्द ठाऊक आहे. मौर्वी म्हणजे धनुष्याची दोरी. मूर्वेच्या तंतूंपासून झालेली ती मौर्वी. मनुस्मृतीत उपनयनाच्या मेखला सांगितल्या आहेत, त्यांत ब्राह्मणाची मुंजतृणाची, क्षत्रियाची मूर्वेच्या प्रत्यंचेची आणि वैश्याची तागाची. म्हणजे मूर्वेचे पहिले लक्षण तिचा चिवट तंतू. दुसरे लक्षण मधुरसा या नावात आहे, गोड रसाची. तिसरे गोकर्णी या नावात, गाईच्या कानासारख्या पानांची.

ही लक्षणे मोरवेलीला लावून पाहावीत. धनुष्याच्या दोरीला पुरेल असा तंतू तिच्या खोडात मिळत नाही. पान त्रिखंडी किंवा संयुक्त, तेव्हा गोकर्णीही जुळत नाही. आणि रस तर नेमका उलटा आहे. या प्रजातीच्या वनस्पतींचे ताजे पान चुरडले की त्यातून प्रोटोॲनिमोनिन हे दाहक द्रव्य तयार होते. ते कातडीला लागले तर आग होते, फोडही येतात. वाळल्यावर त्याचा दाह बराच कमी होतो. मधुरसा असे नाव या वेलीला कोणी चाखून दिले असेल, हे संभवत नाही. एक तेजनी हे नाव मात्र दोन्ही बाजूंना ओढता येते. तेजन म्हणजे बाण असा अर्थ घेतला तर ते धनुष्याकडे जाते. तीक्ष्णतेचा अर्थ घेतला तर मोरवेलीच्या दाहक रसाशी जुळवता येते. संदिग्ध शब्दावर सिद्धान्त उभारू नये, हा धडा पाठचिकित्सेने आपल्याला दिलाच आहे.

मग महाराष्ट्रात मोरवेलीला मूर्वा म्हणून का वापरले गेले? कारण महाराष्ट्र त्यात एकटा नाही. बंगालमध्ये मूर्वा म्हणजे सान्सेव्हिएरिया. तिच्या तलवारीसारख्या जाड पानांतून उत्तम तंतू निघतो, पण ती वेलच नव्हे. केरळात कोनेमॉर्फा या मोठ्या पांढऱ्या फुलांच्या वेलीला मूर्वा मानतात. तमिळ भागात मेरुआ पुढे येते. राजमहालच्या डोंगरांतील लोक ज्या वेलीच्या तंतूची धनुष्याला दोरी करीत, ती मार्सडेनिया टेनासिसिमा. आयुर्वेदाच्या शासकीय औषधिकोशाने मूर्वा या नावाने तिचेच मूळ स्वीकारले आहे. एका शब्दाचे इतके अर्थ का झाले, हे समजणे कठीण नाही. ग्रंथ संस्कृतात होता आणि सर्वत्र सारखा होता. रान मात्र प्रत्येक प्रांताचे वेगळे होते. ग्रंथातील नाव वाचून वैद्य आपल्या रानात गेला आणि त्याला जी वेल त्या नावाच्या जवळची वाटली, ती त्याने उचलली. कोकणात आणि देशावर ती मोरवेल निघाली. तिच्या नावात मोरटेचा ध्वनी होता म्हणून ती निवडली, की ती निवडली म्हणून तिला ते नाव मिळाले, हे आज सांगणे अवघड आहे. प्रत्येक प्रांताने मूर्वेचा आपला पाठ तयार केला एवढे खरे. साहित्यात ‘मालती’चे असेच झाले आहे. काव्यातली मालती कोणती, यावर टीकाकार आणि वनस्पतींचे जाणकार यांचे आजही एकमत नाही. फरक एवढाच की मालतीची ओळख चुकली तर उपमा बिघडते, मूर्वेची चुकली तर रोगी बिघडतो.

भूमध्य समुद्राच्या काठी हीच गोष्ट वेगळ्या रूपात घडली आहे. क्लेमॅटिस हे नाव ग्रीक आहे; क्लेमा म्हणजे वेलीची कोवळी फांदी. इसवी सनाच्या पहिल्या शतकात डायोस्कॉरिडीझ या वैद्याने आपल्या औषधिग्रंथात हे नाव वापरले, पण तेही दोन वनस्पतींना. त्यांपैकी एक व्हिंका समजली जाते, म्हणजे आपल्या सदाफुलीच्या नात्यातली. दाहक रसाची दुसरी तेवढी आजच्या क्लेमॅटिसकडे जाते. मूर्वेचा गोंधळ आपल्या वैद्यांच्या अज्ञानातून झाला असे ज्यांना वाटते, त्यांनी हे लक्षात घ्यावे. त्या प्रदेशात रानात चढणाऱ्या मुख्य जातीही तीन धरता येतील. व्हिटाल्बाचे पान बहुधा पाच पर्णिकांचे, फुले लहान व हिरवट पांढरी, आणि हिवाळाभर टिकणाऱ्या पांढऱ्या पिसांच्या दाढ्या. फ्लॅम्युलाच्या पर्णिका बारीक, पान दुहेरी विभागलेले, फुले शुभ्र व सुवासिक, बहर उन्हाळ्यात. सिऱ्होसा सदाहरित; तिची घंटेसारखी फिकट फुले थंडीत येतात. पान, फुलाचा आकार आणि ऋतू, या त्याच तीन खुणांनी तेथेही निर्णय होतो. फ्लॅम्युला म्हणजे लहानशी ज्वाला. हे नाव रसाच्या दाहाशी जुळते. व्हिटाल्बाला फ्रेंच भाषेत भिकाऱ्यांची वनस्पती म्हणतात, कारण तिच्या रसाने अंगावर फोड उठवून भिकारी दया मागत. इंग्लंडात जॉन जेरार्ड याने १५९७ च्या आपल्या ग्रंथात याच वेलीला प्रवाशाचा आनंद अशा अर्थाचे नाव दिले. एकाच वेलीकडे रस्त्यावरून जाणाऱ्याने पाहिले तेव्हा ती आनंद झाली, रस्त्यावर बसलेल्याने पाहिले तेव्हा साधन झाली.

आता आपल्या वेलींना शास्त्रीय नावे कशी मिळाली ते पाहू. गौरियाना हे नाव विल्यम रॉक्सबर्ग याचे. तो १७९३ पासून १८१३ पर्यंत कलकत्त्याच्या कंपनी बागेचा प्रमुख होता. बंगालमधील गौड या उद्ध्वस्त राजधानीवरून त्याने हे नाव दिले. काव्यशास्त्रात ज्या देशावरून गौडी रीतीला नाव मिळाले त्या देशाचे नाव मलंगगडाच्या वेलीला चिकटलेले पाहून साहित्याच्या विद्यार्थ्याला गंमत वाटेल. समासप्रचुर गौडी रीती आणि या वेलीचे पुन्हा पुन्हा विभागलेले संयुक्त पान यांचा मेळ केवळ योगायोगाचा आहे, पण आम्हांला जात लक्षात ठेवायला तो उपयोगी पडला. रॉक्सबर्ग १८१५ मध्ये वारला. त्याने दिलेले नाव छापले स्विस पंडित ऑगस्टिन पिरामस द कांदोल याने, १८१७ मध्ये. हेडिसॅरिफोलियाचे नावही द कांदोलचेच. हेनेईची हकीकत अशीच आहे. बेंजामिन हेने हा जर्मन मिशनरी दक्षिणेत ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत वनस्पती जमवीत असे. तो १८१९ मध्ये वारला, आणि त्याने पाठवलेल्या नमुन्यांवरून आल्ब्रेख्ट रोट याने १८२१ मध्ये जर्मनीत ट्रायलोबा हे नाव प्रसिद्ध केले. नामकरणाच्या नियमांत ते नाव टिकले नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एम. ए. राव या भारतीय शास्त्रज्ञाने त्या वेलीला हेनेचेच नाव दिले. ज्याने वेल पाहिली त्याचे नाव सुमारे पावणेदोनशे वर्षांनी तिला मिळाले.

शास्त्रीय नावापुढे ‘रॉक्सबर्ग एक्स द कांदोल’ असे लिहितात. त्याचा अर्थ, नाव पहिल्याचे, प्रसिद्धी दुसऱ्याची. कर्तृत्वाची इतकी बारीक नोंद ठेवणाऱ्या या परंपरेत एक जागा मात्र रिकामी राहते. रॉक्सबर्गला किंवा हेनेला ही वेल रानात ज्याने दाखवली, तिचे देशी नाव ज्याने सांगितले, त्याचे नाव ‘एक्स’च्या अलीकडेही नाही आणि पलीकडेही नाही. आपल्या संतवाङ्मयात लेखनिकाचे नाव निदान काही वेळा तरी टिकले. येथे वाटाड्या कायमचा अनामिक राहिला.

मुंबई इलाख्यातील पुढची कामेही वाचण्याजोगी आहेत. जॉन ग्रॅहम हा मुंबईचा टपाल खात्याचा अधिकारी. मुंबई व आसपासच्या वनस्पतींची त्याची यादी १८३९ मध्ये छापली गेली, पण त्याच वर्षी तो खंडाळ्यास वारला; उरलेले काम जोसेफ निमो याने पुरे केले. १८५३ मध्ये रेल्वे ठाण्यापर्यंत आली, १८५४ मध्ये कल्याणपर्यंत. १८६१ मध्ये डालझेल आणि गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ प्रसिद्ध झाला; गिब्सन हा इलाख्याचा पहिला वनसंरक्षक होता. अलेक्झांडर किड नेर्न याने १८९४ मध्ये पश्चिम हिंदुस्थानातील सपुष्प वनस्पतींवर पुस्तक लिहिले. हाच नेर्न कोकणच्या इतिहासाचा लेखक म्हणून आपल्या इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. किल्ले आणि फुले यांची टिपणे एकाच माणसाने करावीत, हे आजच्या विद्याशाखांच्या भिंतींत विरळाच घडेल. थिओडोर कुक हा आयरिश अभियंता मूळचा रेल्वेचा माणूस. वसईच्या खाडीवरील लोखंडी पुलाचे काम त्याने केले, पुढे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा तो प्राचार्य झाला, आणि निवृत्तीनंतर १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो ग्रंथ त्याने सिद्ध केला तो आजही अभ्यासकांच्या हाताशी असतो.

या ग्रंथांच्या रचनेत एक गोष्ट आम्हांला लोभस वाटली. द कांदोलच्या क्रमात मोरवेलीचे कुल सर्वांत आधी येते आणि त्या कुलात क्लेमॅटिस आधी. तोच क्रम पुढे हूकरच्या ब्रिटिश हिंदुस्थानच्या वनस्पतिग्रंथाने (पहिला भाग १८७२) आणि कुकनेही पाळला. परिणामी या थोर ग्रंथांच्या पहिल्या पानांवर मोरवेल उभी असते, आपल्या पोथ्यांच्या आरंभी नमन असावे तशी. ज्या वेलीला मराठी कवितेत स्वतःच्या नावाने जागा क्वचितच मिळाली, तिला तेथे अग्रपूजेचा मान आहे.

क्वचितच का, याचे उत्तर तिच्या दुसऱ्या मराठी नावात सापडते. हेनेईला रानजाई असेही म्हणतात. रानजाई, रानहळद, रानकेळ, रानतुळस, ही नावे गावाकडून रानाकडे पाहणाऱ्याची आहेत. जे आपल्या परसात आहे त्याच्या मापाने रानातले मोजायचे आणि पुढे ‘रान’ जोडायचे. जाईशी या वेलीचे कुलाचे नाते नाही. शुभ्र फूल आणि वेलपण, एवढेच साम्य. मोरवेल हे नाव मात्र कोणाच्या तुलनेने आलेले नाही. ते वेलीचे स्वतःचे आहे, निदान वैद्याने आणि रानाच्या रहिवाशाने मिळून तिला दिलेले आहे. मराठी ललित लेखनात वेलींची नावे आली ती बहुधा जाई, जुई, मालती, माधवी अशी संस्कृत काव्याच्या परंपरेतली. बाकी सर्व वेली ‘रानवेली’ या सामान्यनामात बुडाल्या. दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्र’ने १९५६ मध्ये महिन्यामहिन्याच्या निसर्गाला ललित गद्यात स्थान दिले, तेव्हा पाहण्याची एक वेगळी शिस्त मराठीत आली. दुसऱ्या बाजूला वामन गणेश देसाई यांच्या ‘ओषधिसंग्रह’ (१९२७) सारख्या ग्रंथाने देशी नाव, लॅटिन नाव आणि गुणधर्म एकत्र आणण्याची वाट घालून दिली. या दोन वाटा पुढे मराठीत एकमेकींना फारशा भेटल्या नाहीत. ललित लेखकाला लॅटिन नाव रुक्ष वाटले, शास्त्रज्ञाला देशी नाव अविश्वसनीय वाटले.

अविश्वसनीय ते आहेच. तीन जातींना एक नाव असले तर कोणीही तसेच म्हणेल. पण आता पहिल्या प्रश्नाकडे परत येऊ. येऊरचा आणि मलंगगडाचा, दोन्ही वाटाडे चुकले नव्हते. देठाने पीळ घालून चढणारी, चुरडल्यावर आग करणारी, हिवाळ्यात पिसे उडवणारी ती मोरवेल, हा त्यांच्या नावाचा अर्थ. म्हणजे त्यांनी जातीचे नाव सांगितलेच नव्हते, प्रजातीचे सांगितले होते, आणि ते अचूक होते. शास्त्राने क्लेमॅटिस या नावाखाली जे एकत्र केले तेच मराठीने मोरवेल या नावाखाली एकत्र केले होते. कुलाला मोरवेलीचे नाव देणाऱ्या परिभाषाकारांना ही गोष्ट उमगली असावी. चूक झाली ती पुढच्या पायरीवर, मोरवेल म्हणजे ग्रंथातली मूर्वा असे समीकरण मांडताना. ती चूक बोलीची नाही, ग्रंथ आणि रान यांच्यात ये-जा करताना झालेल्या घाईची आहे.

आज या दोन्ही गोष्टी एकदम हातून जाण्याची वेळ आली आहे. मोरवेल दाट जंगलाच्या पोटात कमी, कडेला अधिक वाढते. पायवाटा, बांध, टेकडीचा उतार, कुंपणाची झुडपे ही तिची जागा. ठाणे, कल्याण, डोंबिवली या शहरांची वाढ नेमकी याच कडा खात गेली. येऊरला राष्ट्रीय उद्यानाचे संरक्षण आहे, पण पारसिकचा डोंगर, डोंबिवलीची भोपर टेकडी, कल्याणच्या आसपासचे माळ यांना ते नाही. टेकडी साफ करणाऱ्याच्या लेखी सगळ्या वेली सारख्याच असतात. वृक्षारोपणाच्या उत्साहातही आधीची झुडपे आणि त्यांवरच्या वेली निमूटपणे काढल्या जातात, कारण ज्याला नाव नाही ते तण. आणि ज्या वाटाड्यांना नाव ठाऊक आहे, त्यांच्या मुलांना त्या वाटेने जाण्याचे कारण उरलेले नाही.

पुढील संशोधकाला मग कोठे पाहावे लागेल? मुंबईच्या सेंट झेविअर्स महाविद्यालयात १९०६ मध्ये सुरू झालेला ब्लाटर वनस्पतिसंग्रह आहे. तेथे पुढे हर्मेनेगिल्ड सांतापाव यांनी काम केले. त्यांचा ‘फ्लोरा ऑफ खंडाळा’ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. ते मूळचे भूमध्य समुद्राकाठच्या कातालोनियातले, म्हणजे व्हिटाल्बा आणि फ्लॅम्युलाच्या देशातले. अशा संग्रहांत प्रत्येक वाळलेल्या नमुन्याखाली स्थळ, दिनांक आणि संग्राहक लिहिलेला असतो. एखादी टेकडी सपाट झाल्यावर असा कागद म्हणजे हरवलेल्या पोथीची एकमेव नक्कल ठरतो. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे. या गावांनी ग्रंथ जपण्याची परंपरा फार पूर्वी घालून दिली. त्याच गावांच्या टेकड्यांचे वाचन करून ठेवण्याचे काम साहित्याच्या विद्यार्थ्यांना परके वाटण्याचे कारण नाही.

आमची सूचना साधी आहे. विद्यार्थ्यांबरोबर रानात गेल्यावर दिसलेल्या वेलीची नोंद दोन ओळींत करावी. पहिल्या ओळीत पर्णिकांची संख्या, लव आहे की नाही, फुलाचा आकार, महिना आणि जागा. दुसऱ्या ओळीत, नाव कोणी काय सांगितले, आणि सांगणाऱ्याची संमती असेल तर ते सांगणाऱ्याचे नाव. पहिल्या ओळीवरून जात ठरेल. दुसऱ्या ओळीत ती जागा भरली जाईल, जी दोनशे वर्षे ‘एक्स’च्या दोन्ही बाजूंना रिकामी राहिली आहे.